दुरुस्तीच्या हक्काआधी निदानाचा हक्क

पावसाळ्याच्या तोंडावर गोव्यात विजेचा लपंडाव सुरू झाला की घरोघरच्या लॅपटॉपचे खरे वय उघडे पडते. वीज जाताच पडदा काळा होतो आणि विद्यार्थ्याचा अर्धवट प्रकल्प, कार्यालयाचे जतन न केलेले काम त्याबरोबर नाहीसे होते. यंत्र दुकानात पोहोचले की अनेकदा ठरलेले उत्तर मिळते : बॅटरी बदला. नव्या बॅटरीनंतरही तक्रार कायम राहिली, तर पुढचे उत्तर ‘मदरबोर्ड गेला’. या दोन उत्तरांच्या दरम्यान व्हायला हवे ते निदान राहूनच जाते आणि त्याचा भुर्दंड ग्राहकाला पडतो.

वस्तुतः लॅपटॉप अचानक बंद पडण्याची कारणे भिन्न आहेत आणि त्यांची लक्षणेही. चार्जर काढताच यंत्र बंद होत असेल, तर बॅटरी निकामी झाल्याचा किंवा तिची जोडणी सैल झाल्याचा संशय रास्त ठरतो. तीस-चाळीस टक्के चार्ज दिसत असताना यंत्र बंद पडणे हे जुन्या लिथियम-आयन बॅटरीचे लक्षण होय. वयपरत्वे तिचा अंतर्गत रोध वाढतो. जड काम सुरू होताच व्होल्टेज कोसळते आणि संरक्षक मंडल पुरवठा तोडते. पडद्यावरील टक्केवारी हा अखेर अंदाजच असतो. मात्र चार्जर जोडलेला असूनही यंत्र तापते, पंखा घरघरतो आणि मग ते बंद पडते, तेव्हा दोष बहुधा उष्णतेचा असतो. आत साचलेली धूळ काढून, प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट बदलून भागण्याजोगे ते काम आहे. तेथे नवी बॅटरी घालणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

हे ओळखण्यासाठी लागणारी माहिती यंत्रातच असते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ आज्ञेद्वारे बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज पूर्ण चार्ज झाल्यावर उरणारी क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. मूळ ५० वॉट-तासांची बॅटरी २५ वर आली असेल, तर वाद संपतो. ती ४५ वर असेल, तर दोष अन्यत्र शोधायला हवा. बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला असेल, तर मात्र अहवालाची वाट न पाहता वापर थांबवावा. अशी बॅटरी दाबणे वा टोचणे आगीला निमंत्रण ठरते.

माहिती दडवल्याने काय घडते, याचे उदाहरण फोनच्या क्षेत्रात आहे. जुन्या बॅटरीमुळे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग कमी केल्याचे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. ग्राहकांना याची कल्पना दिली नाही, म्हणून फ्रान्सने २०२० मध्ये कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड केला. दरम्यान, बॅटरीचे आरोग्य फोनवरच दाखवण्याची सोय कंपनीने २०१८ मध्येच करून दिली होती.

फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवरही दुरुस्ती निर्देशांक सक्तीचा केला. युरोपीय संघाच्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतील बॅटरी, काही अपवाद वगळता, ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे. भारतात ‘दुरुस्तीचा हक्क’ संकेतस्थळ डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाले. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाला सादर झालेल्या समितीच्या अहवालाने दुरुस्ती निर्देशांकाची चौकट मांडली. पण तिचा प्रारंभ स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासून करण्याचे सुचवले. लॅपटॉप प्रतीक्षेतच राहिला. विद्यार्थी, पत्रकार, लेखापाल आणि घरून काम करणारे ज्यावर विसंबून आहेत, त्या यंत्राला ही प्रतीक्षा परवडणारी नाही.

तोवर ग्राहकाने काही गोष्टींचा आग्रह धरावा. बॅटरी बदलण्यापूर्वीचा व नंतरचा अहवाल, निदानाची लेखी नोंद आणि हमीसह पक्के बिल दुकानदाराकडून मागून घ्यावे. दाद न मिळाल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलनाकडेच द्यावी. २०२२ च्या नियमांनी तिच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे.

कारण न सांगता औषध देणाऱ्या वैद्याकडे कोणी दुसऱ्यांदा जात नाही. यंत्राच्या दुरुस्तीलाही हीच कसोटी लागायला हवी.