घरचा धंदा आणि मुलाची संध्याकाळ

झरी जामणी तालुक्यात चिनी माणूस शोधूनही सापडणार नाही. परंतु ‘चायनीज’ मात्र हमखास सापडते. यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला, तेलंगणाच्या सीमेला लागलेला हा तालुका. कोलाम आणि गोंड यांच्या वस्त्या, कापूस-तुरीची कोरडवाहू शेती, आणि मराठीच्या जोडीला कोलामी, गोंडी व तेलुगू या भाषा. एका बाजूला वणीच्या कोळसा खाणी आहेत, तर मुकुटबनजवळ २०२२ मध्ये मोठा सिमेंट कारखाना सुरू झाला. अशा मुलखातही दिवेलागणीच्या सुमारास बाजाररस्त्यावर लाल अक्षरांची पाटी लावलेली हातगाडी उभी राहते, गॅसची शेगडी पेटते, कढईत पत्ताकोबी आणि शिजलेला भात खडखडू लागतो, आणि गिऱ्हाईक पार्सल घेऊन घरी जाते. गाडी चालवणारे कुटुंब पुष्कळदा इथले नसते. कोणी नेपाळातून, कोणी दार्जिलिंगकडून, कोणी बिहार वा उत्तर प्रदेशातून आलेले असते. आईबाप कढईशी आणि पाटीशी असतात. कोबी चिरणे, ताटल्या विसळणे, पैसे घेणे आणि पार्सलला रबर लावणे ही कामे मुलाची.

तालुक्यातल्या एका बाजारगावी अशाच एका दहा-अकरा वर्षांच्या मुलाला मी विचारले, “अभ्यास केव्हा करतोस?” तो म्हणाला, “गिऱ्हाईक नसते तेव्हा, काका.” “आणि गिऱ्हाईक केव्हा नसते?” “पाऊस आला की.” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार आपण करावयास हवी. कारण चाळीस-पन्नास रुपयांत मिळणारी ती प्लेट ज्या अनेक गोष्टींमुळे स्वस्त राहते, त्यांत या मुलाची संध्याकाळ ही एक आहे, आणि ती कोणाच्याच हिशोबात धरलेली नाही.

हा प्रश्न झरी जामणीचा नाही आणि आजचाही नाही. परमुलखात गेलेल्या कुटुंबाने चुलीच्या आधाराने पाय रोवायचे आणि त्या चुलीपाशी मुलांनी वाढायचे, ही जगभर घडत आलेली गोष्ट आहे. चिनी खाद्यगृहांच्या बाबतीत ती विशेष स्पष्ट दिसते. भारतातील चिनी वस्तीचा आरंभ अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याजवळ झाला. पुढे या समाजाने चामडे कमावले, जोडे शिवले, दवाखान्यांत दात बसवले आणि खाद्यगृहे चालवली. मुंबईतही त्यांची वस्ती होती. माझगावातील लहानसे चिनी मंदिर तिची साक्ष देत अजून उभे आहे. १९६२ च्या युद्धानंतर या समाजातील सुमारे तीन हजार माणसांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आले. त्यांत लहान मुलेही होती. कित्येकांची दुकाने गेली, घरे गेली, आणि सुटल्यावर अनेकांनी देश सोडला. जे राहिले त्यांच्यापैकी एका कुटुंबात कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ‘मंचुरियन’ नावाचा पदार्थ पहिल्यांदा केला, असे मानले जाते. माणसांना आपण परके ठरवले आणि त्यांचा पदार्थ मात्र गावोगाव आपलासा केला. आज त्या पदार्थावर पोट भरणारी माणसे वेगळी आहेत. परंतु त्यांचे परकेपण तेच आहे.

ब्रिटनमधील अनुभव याहून अधिक बोलका आहे. हाँगकाँगच्या ‘न्यू टेरिटरीज’ या ग्रामीण भागातील भातशेती दुसऱ्या महायुद्धानंतर थायलंडहून येणाऱ्या स्वस्त तांदळापुढे टिकेना. तेव्हा तेथील शेतकरी इंग्लंडला जाऊन हॉटेलात राबू लागले. जेम्स वॉटसन या मानववंशशास्त्रज्ञाने सान टिन या गावच्या मान कुळाचा अभ्यास करून ही हकीकत १९७५ मध्ये ग्रंथरूपाने मांडली आहे. कापसाच्या भावाने मोडलेला यवतमाळचा शेतकरी ती सहज ओळखील. पुढे १९६२ च्या ब्रिटिश कायद्याने राष्ट्रकुलातील नव्या कामगारांच्या प्रवेशाला आळा घातला. परंतु आधी गेलेल्यांच्या बायकामुलांना वाट मोकळी ठेवली. बाहेरचा मजूर आणणे कठीण आणि कुटुंब आणणे शक्य, अशा स्थितीत मोठ्या हॉटेलाऐवजी नवराबायको आणि मुले मिळून चालवू शकतील अशी लहान पार्सल दुकाने गावोगाव निघाली. खाली दुकान, वर घर. म्हणजे ज्याला आपण ‘चिनी माणसाची कुटुंबनिष्ठा’ म्हणून वाखाणतो, तिच्या घडणीत संस्कृतीइतकाच कायद्याचाही हात होता.

त्या दुकानांत वाढलेल्या मुलांविषयी मिरी साँग या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९९९ मध्ये एक ग्रंथ लिहिला. त्याच्या शीर्षकातच ‘हातभार लावणे’ हा शब्दप्रयोग आहे, आणि तो त्या मुलांच्या तोंडचा आहे. आपण करतो ते ‘काम’ नव्हे, ‘हातभार’ आहे, असे ती मुले सांगत. इंग्रजी न येणाऱ्या आईबापांचे दुभाषी तीच, टेलिफोनवर मागणी घेणारी तीच, नगरपालिकेचे पत्र वाचून दाखवणारी तीच, आणि दारू पिऊन आलेल्या गिऱ्हाइकाची वंशद्वेषी शिवी काउंटरवर प्रथम ऐकणारीही तीच. एंजेला ह्यूइ या लेखिकेने वेल्समधील अशाच दुकानात गेलेल्या आपल्या बालपणाची कहाणी २०२२ मध्ये प्रसिद्ध केली आहे. या मुलांपैकी अनेक शिकली, पुढे गेली, हे खरे. परंतु त्यामागे ब्रिटनमधील मोफत शाळा, सार्वजनिक ग्रंथालय आणि सरकारी दवाखाना उभा होता, हे यशोगाथा सांगणारे विसरतात. ज्या समाजात हे तिन्ही लंगडे आहेत तेथे काउंटरमागचे मूल कोठे पोचेल, याचा विचार आपण करावयास हवा.

अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला येथे चायानोव्ह आठवल्यावाचून राहत नाही. रशियन शेतकरी कुटुंबाचा अभ्यास करून १९२५ मध्ये त्याने दाखवून दिले की, कुटुंबाच्या धंद्यात मजुरी नावाचे खातेच नसते. भांडवलदार मजुरी देऊन नफा उरतो काय ते पाहतो आणि उरत नसेल तर कारखाना बंद करतो. कुटुंब मात्र तोटा आला की अधिक राबते, स्वतःलाच अधिक पिळते, आणि जेथे कारखाना बुडाला असता तेथे तगून राहते. हातगाडीचे गणितही हेच आहे. तेलाचा भाव वाढतो, गॅसच्या टाकीचा वाढतो, कोबी महागते. शेजारच्या गाडीच्या भीतीने प्लेटचा भाव मात्र वाढवता येत नाही. मग ही तफावत कशातून भरून निघते? आईच्या झोपेतून आणि मुलाच्या अभ्यासातून. सरकारी श्रमबल पाहणीत अशा बिनपगारी मदतनिसांची गणना ‘स्वयंरोजगारी’ या सदरात होते. त्यामुळे स्वयंरोजगार वाढल्याचे आकडे झळकले की उद्यमशीलतेचा जयजयकार होतो. त्या आकड्यांत उद्योजक किती आणि दुसरे काही काम न मिळाल्याने घरच्या गाडीला जुंपलेले किती, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८६ च्या बालमजुरीविरोधी कायद्याखाली २००६ मध्ये ढाबे, हॉटेले व चहाच्या टपऱ्यांवर चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास बंदी आली. २०१६ च्या दुरुस्तीने ही बंदी सर्व धंद्यांना लागू केली. पण त्याच कलमात एक खिडकी उघडून दिली. धोकादायक नसलेल्या कौटुंबिक धंद्यात, शाळा सुटल्यावर किंवा सुटीत, मुलाने मदत केली तर चालेल! कुटुंब म्हणजे केवळ आईबाप आणि भावंडे नव्हेत, तर काका, आत्या, मामा आणि मावशीही. गावाकडून ‘मामा’ म्हणून आणलेल्या माणसाच्या गाडीवर भाच्याला उभे करणे मग कितीसे अवघड आहे?

पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, केलेले नियम याहून उद्बोधक आहेत. मुलाची मदत दिवसाकाठी तीन तासांहून अधिक नसावी आणि सायंकाळी सात ते सकाळी आठ या वेळात ती मुळीच घेऊ नये, असे त्यांत म्हटले आहे. नियम उत्तम आहे. फक्त चायनीजच्या गाडीवरची खरी गर्दी सायंकाळी सातलाच सुरू होते, एवढेच काय ते! म्हणजे कायद्याने ज्या वेळेची मुभा दिली त्या वेळेत मुलाची गरज नाही, आणि ज्या वेळेत गरज आहे त्या वेळेत मनाई आहे. परिणामी प्रत्येक गाडी रोज रात्री कायदा मोडते. मोडणाऱ्याला तो ठाऊक नसतो, आणि ज्याला ठाऊक असतो त्याला तो हप्ता मागण्यापुरता उपयोगी पडतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि विदर्भातून तर तो येईलच. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीमची कल्पना मांडली. हाताला काम हेच शिक्षण, असे ते सांगत होते. मग गाडीवर काम करणाऱ्या मुलाविषयी एवढा कळवळा कशासाठी? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून उत्तर द्यावयास हवे. नई तालीममध्ये काम शाळेच्या आत होते, शिक्षकाच्या देखरेखीखाली होते, आणि मुलाच्या वाढीच्या क्रमाने ते बदलत जाणार होते. कातताना गणित यावे, भूगोल यावा, अशी ती योजना होती. गाडीवरचे मूल पहिल्या महिन्यात हाफ आणि फुल प्लेटचा हिशोब शिकते. त्यानंतर वर्षानुवर्षे तोच हिशोब करत राहते. त्या कामात मुलाची वाढ थांबते आणि धंदा तेवढा चालतो. श्रमप्रतिष्ठेचे नाव घेऊन याचे समर्थन करणे म्हणजे श्रमाची थट्टा होय.

दुसरा आक्षेप कमी प्रामाणिक, पण अधिक लोकप्रिय आहे. ही बाहेरची माणसे. त्यांची मुले शिकली काय, न शिकली काय, आपल्याला त्याचे काय? २००८ मध्ये मुंबई, पुणे, नाशिक येथे उत्तर भारतीय फेरीवाल्यांवर आणि टॅक्सीवाल्यांवर जे हल्ले झाले, त्यांच्या मुळाशी हीच वृत्ती होती. असे म्हणणाऱ्यांनी गिरणगावाचा इतिहास आठवावा. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळी अशाच एका खोलीत चालत. खानावळवालीची मुले त्याच धुरात वाढत. सावकाराच्या व्याजाखाली पिचलेल्या या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्या बायकांना कोणी उद्यमशीलतेचा उपदेश केला नाही. संघटना दिली आणि पत दिली. चुलीवर जगणाऱ्या कुटुंबाला खरोखर काय हवे असते, याचा हा आपल्याच घरचा दाखला आहे.

तेव्हा मागणी काय करावी? धाडी घाला, अशी मागणी मी करणार नाही. धाड पडली की गाडी उचलली जाते, कुटुंब दुसऱ्या गावी जाते आणि मुलाची आहे ती शाळाही सुटते. मुलाला गाडीवरून उठवायचे, तर त्याच्या दोन हातांवाचून गाडी चालली पाहिजे.

त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे जागेची हमी. २०१४ चा पथविक्रेता कायदा महापालिका, नगरपालिका आणि नगरपंचायतींपुरता आहे. झरीला नगरपंचायत असल्याने तेथे तो लागू होतो. परंतु बाजार मोठा असूनही जेथे ग्रामपंचायत आहे तेथील गाडीवाल्याला त्याचे संरक्षण नाही. राज्य सरकारने ग्रामीण बाजारगावांसाठी तशीच तरतूद करावी. जागा, पाणी आणि दिवा यांची खात्री झाली, तर त्यापोटी जाणारा हप्ता वाचेल, आणि त्या पैशातून तालुक्यातलाच एखादा प्रौढ बेकार तरुण मजुरी देऊन गाडीवर ठेवता येईल.

दुसरी गोष्ट शाळेची. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे जन्माचा दाखला नाही वा शाळा सोडल्याचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. परमुलखातून आलेल्या आईबापांना हे कोणी सांगत नाही. ग्रामपंचायतीने आणि शिक्षकांनी ते गाडीवर जाऊन सांगितले पाहिजे.

तिसरी गोष्ट सायंकाळची. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची कल्पना महाराष्ट्राने काढली आहे. मग बाजारगावातील जिल्हा परिषद शाळेची एक खोली सायंकाळी सहा ते नऊ उघडी ठेवून, दिवा, शिक्षक आणि मूठभर खाऊ यांची सोय करणे अशक्य आहे काय? त्या खोलीत चायनीजवाल्याचे मूल येईल, तसे पानटपरीवाल्याचे येईल, आणि ज्याच्या घरी अभ्यासाला कोपरा नाही असे कोलाम पोडावरचे मूलही येईल. शाळेतील मराठी एकाला जितकी परकी, तितकीच दुसऱ्यालाही परकी आहे. दोघांना एका सतरंजीवर बसवणारी ही खोली ‘स्थानिक’ आणि ‘बाहेरचा’ या वादाला भाषणांपेक्षा अधिक चांगले उत्तर देईल.

याला फार मोठा पैसा लागणार नाही. प्लेटची किंमत चार-पाच रुपयांनी वाढली, तर आपण गिऱ्हाइकांनीही कुरकुर करू नये. आजवर ती वाढ आपण दिली नाही. ती त्या मुलाने भरली आहे. त्याला अभ्यासासाठी पावसाची वाट पाहावी लागू नये, एवढी व्यवस्था जी ग्रामपंचायत करील, तिने विकासाचा फलक खुशाल लावावा.