सिझरचे दुखणे अंगावर कशाला काढायचे?

‘तुला काय, कळा तरी कुठे सोसाव्या लागल्या! पोट फाडलं, बाळ काढलं, मोकळी झालीस.’ सिझर झालेल्या बाईला हे वाक्य एकदाही ऐकावे लागले नाही, असे घर अहिल्यानगर जिल्ह्यात शोधावे लागेल. म्हणणारी बहुधा घरातलीच असते, मायेची असते. तिने स्वतःची दोन-तीन बाळंतपणे घरी सुईणीच्या हातावर सोसलेली असतात. तिचा हेतू वाईट नसतो. पण या एका वाक्याने बाळंतीण ‘दुखतंय’ म्हणायची बंद होते, आणि न सांगितलेल्या दुखण्यावर कोणी औषध देत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधल्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणे सिझरने झाली. म्हणजे दर चारांत एक. त्याआधीच्या २०१५-१६ च्या फेरीत हाच आकडा २०.१ टक्के होता. देशभरात खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के आणि सरकारी दवाखान्यांतली १४.३ टक्के बाळंतपणे सिझरची होती. हे आकडे आले की चर्चा एकाच दिशेने जाते : इतकी सिझर खरोखर गरजेची होती का? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे. मात्र जिचे पोट उघडून झाले आहे, तिच्यापुरता तो वाद संपलेला असतो. तिला उद्या सकाळी खाटेवरून उठायचे असते. त्या उठण्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

सिझर ही पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे. कातडी, तिच्याखालची चरबी, स्नायूंवरचे चिवट आवरण, पोटाच्या आतला पातळ पडदा आणि गर्भाशयाची जाड भिंत, इतके थर उघडून बाळ बाहेर काढतात. पोटाचे स्नायू सहसा कापत नाहीत, बाजूला ओढतात. तेही नंतर दुखतात. वरची कातडी आठ-दहा दिवसांत मिटलेली दिसते म्हणून घरच्यांना वाटते जखम भरली. आतले चिवट आवरण मात्र सहा आठवड्यांनीही पूर्वीइतके मजबूत झालेले नसते. हर्नियाचे ऑपरेशन झालेल्या पुरुषाला घरातले लोक महिनाभर पाण्याची बादली उचलू देत नाहीत, आणि त्याच्या कुशीत दर दोन तासांनी दूध मागणारे बाळही नसते. बाळंतिणीला तेवढी सवलत द्यायला हात आखडतो तो का, हे ज्याने त्याने स्वतःच्या घरात बघावे.

कमरेतल्या इंजेक्शनाचा बधिरपणा दोन ते चार तासांत उतरतो आणि खरे दुखणे सुरू होते. ते एका प्रकारचे नसते. जखमेची आग असते. बाळाला पाजायला घेतले की गर्भाशय आकसते आणि पाळीसारख्या कळा येतात; दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्या जास्त जाणवतात. आतडी सुस्तावल्यामुळे पोटात वायू धरतो, तो कधी कधी जखमेपेक्षा जास्त छळतो. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात, मग हळूहळू उतार पडतो. चिऱ्याच्या आसपासची कातडी मात्र कित्येक महिने बधिर राहते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

या दुखण्यावर औषध आहे, आणि ते महागही नाही. पॅरासिटामॉल आणि त्याच्या जोडीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक ही गोळ्यांची जोडी जगभर सिझरनंतरच्या उपचाराचा पाया मानली जाते. दोन्ही वेगवेगळ्या मार्गांनी काम करतात, म्हणून एकीपेक्षा दोघी मिळून जास्त आराम देतात. त्या घ्यायच्या घड्याळाकडे बघून, दुखण्याची वाट बघून नव्हे. दुखणे एकदा चढले की उतरवायला जास्त औषध लागते. चढूच दिले नाही तर थोडक्यात भागते. आपल्याकडच्या बऱ्याच वॉर्डांत उलटी रीत आहे. ‘दुखलं तर सांगा’ म्हणून सिस्टर पुढच्या खाटेकडे जातात. सांगणे हे बाईवर सोडले की सोशिक बाई गप्प राहते, आणि जी सांगते ती ‘नाजूक’ ठरते. पहिले तीन-चार दिवस गोळी ठरलेल्या वेळी हातात पडलीच पाहिजे, असा नियम करायला कुठले नवे यंत्र लागत नाही. टाके घालताना जखमेच्या कडांना बधिरतेचे औषध टोचण्याची पद्धतही आहे. त्यानेही पहिले काही तास सुसह्य होतात. नातेवाइकांनी त्याबद्दल आधी विचारायला हरकत नाही.

गोळ्या न घेण्यामागचे सर्वांत मोठे कारण म्हणजे दुधाची भीती. ‘औषध दुधातून बाळाला जाईल.’ पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दुधात इतके कमी उतरते की अंगावर पाजणाऱ्या आईला ते देण्यात अडचण मानली जात नाही. भीती बाळगायची तर ती कोडीन आणि ट्रॅमाडॉलची. काही आयांच्या शरीरात या औषधांचे रूपांतर फार वेगाने होते आणि बाळाला गुंगी येऊन श्वास मंद होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये पाजणाऱ्या मातांनी ती घेऊ नयेत असा इशारा दिला. आपल्याकडे मात्र पॅरासिटामॉलमध्ये ट्रॅमाडॉल मिसळलेल्या गोळ्या सर्रास मिळतात. घरातल्या कोणाच्या तरी पाठदुखीसाठी आणलेली अशी पट्टी बाळंतिणीला देऊ नये. मूत्रपिंडाचा विकार, पोटातला व्रण, दमा किंवा बाळंतपणात वाढलेला रक्तदाब असेल, तर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

दुखणे आटोक्यात ठेवायचे ते केवळ बाईला बरे वाटावे म्हणून नाही. ज्या बाईला दुखते ती कुशीवर वळत नाही, खोकला दाबते, चालत नाही. गरोदरपणात आणि नंतरचे काही आठवडे रक्त तसेही लवकर गोठते. त्यात पडून राहिले की पायाच्या शिरेत गाठ होण्याचा धोका वाढतो. दुखऱ्या पोटावर बाळ धरवत नाही, मग दूध लवकर उतरत नाही, मग ‘हिला दूधच नाही’ म्हणून डबा आणला जातो.

बाकी युक्त्या साध्या आहेत. उठताना सरळ पोटावर जोर देऊन उठू नये. आधी कुशीवर वळावे, पाय खाटेखाली सोडावेत आणि कोपराच्या आधाराने बसावे. खोकताना, हसताना चिऱ्यावर उशी दाबून धरावी. आडवळणाच्या रस्त्याने जीपमधून घरी जायचे असेल तर ती उशी सोबतच घ्यावी. बाळाला कुशीवर झोपून किंवा काखेखाली धरून पाजले की पोटावर भार येत नाही.

आपल्या रीतींबद्दल बोलायचे तर सगळ्याच टाकाऊ नाहीत. माहेरी सव्वा महिना, पाणी भरणे नाही, दळण उचलणे नाही, ही जुनी रीत आजच्या सहा आठवड्यांच्या सल्ल्याशी जवळपास जुळते. पोटपट्टा फार आवळला नाही तर चालताना काही जणींना बरा वाटतो. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर खुशाल द्यावी. पण ‘टाके पिकतील’ म्हणून वरण, भात, लिंबू, फळे बंद करण्याला आधार नाही, आणि ‘पोट सुटेल’ म्हणून पाणी तोडणे तर सरळ नुकसानीचे. पाणी आणि भाजीपाला कमी पडला की शौचाला खडा होतो आणि कुंथताना सगळा ताण चिऱ्यावर येतो. बाजेखाली शेगडी ठेवून ओव्या-शेपाची धुरी द्यायची असेल, तर बंद खोलीत कोळशाचा धूर आई आणि बाळ दोघांनाही घातक आहे, आणि बधिर झालेल्या कातडीला चटका बसल्याचे कळतही नाही. जखमेला हळद, तेल, राख काही लावू नये. साध्या पाण्याने आंघोळ करून स्वच्छ कापडाने टिपून कोरडी ठेवावी. आणखी एक समज फार चिवट आहे : कमरेतल्या इंजेक्शनाने जन्माची पाठदुखी लागते. अभ्यासांत तसे आढळलेले नाही. टोचल्या जागी काही दिवस दुखते. नंतरची पाठदुखी बहुधा सैल पडलेल्या पोटाची, वाकून पाजण्याची आणि लवकर उचललेल्या ओझ्याची असते. इंजेक्शनानंतर बसले की चढणारी आणि आडवे झाले की उतरणारी डोकेदुखी मात्र खरी. ती डॉक्टरांना सांगावी, तिच्यावर उपाय आहे.

ओझ्याचा विषय निघाला की या जिल्ह्यात ऊसतोडीपाशी यावेच लागते. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यापासून पुढे जो साखरपट्टा उभा राहिला तो याच जिल्ह्यातला, आणि पाथर्डी, शेवगाव, जामखेड या कोरड्या तालुक्यांतून कोयता घेऊन निघणारी जोडपीही याच जिल्ह्यातली. उचल घेतलेली असते ती जोडीने. एकीने काम सोडले तर अर्धा कोयताच थांबतो आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. दिवाळीच्या सुमाराला सुरू झालेला हंगाम कोणाच्या बाळंतपणासाठी थांबत नाही. अशा बाईचे सिझर झाले तर सव्वा महिन्याची रीत तिच्या खोपीपर्यंत पोहोचत नाही. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणे हे अजून न जुळलेल्या आवरणावर घातलेले ओझे आहे. तिथेच पुढे हर्निया होतो. दुखते म्हणून ती कोणाकडे गेली तर गोळ्या मिळतात, विश्रांती कोणी लिहून देऊ शकत नाही. ओटीपोट आणि कंबर वर्षानुवर्षे दुखत राहिली की मग ‘पिशवी काढून टाक’ हा सल्ला तिला पटू लागतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. त्यामागची कारणे अनेक आहेत; बाळंतपणानंतर न मिळालेली विश्रांती त्यांत धरलीच पाहिजे.

नोकरदार बाईला २०१७ च्या दुरुस्तीपासून २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते. कोयत्यावरच्या बाईला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये मिळतात, तेही कागदपत्रे आणि हप्ते जुळले तर. ऊसतोड कामगारांसाठी राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे. सिझर झालेल्या बाईचे निदान सहा आठवडे खाड्यात धरायचे नाहीत आणि त्या दिवसांची मजुरी महामंडळाने व कारखान्याने मिळून द्यायची, एवढे ठरवणे अशक्य आहे असे वाटत नाही.

या जिल्ह्याला गावातल्या बाईच्या हाती आरोग्य सोपवण्याचा अनुभव जुना आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. अक्षरओळख नसलेल्या बायकांना शिकवून त्यांनी गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या केल्या. आज तीच जागा आशाताईंची आहे. सिझर झालेल्या बाईच्या घरी सातव्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत त्यांनी पाच भेटी द्यायच्या असतात. कार्यक्रमाचे नावच नवजात बाळाच्या काळजीचे असल्याने नजर आधी बाळाच्या वजनाकडे जाते, ते स्वाभाविक आहे. त्याच भेटीत ‘उठताना किती दुखतं, गोळ्या घेतेस का, चिरा दाखव’ हे तीन प्रश्न सक्तीचे व्हावेत.

सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सिझर, औषधे, सात दिवसांपर्यंतचे जेवण आणि घरी सोडायची गाडी मोफत आहे. तरी तिसऱ्याच दिवशी ‘घरी सोडा’ म्हणून मागे लागणारे नातेवाईक कमी नाहीत. घाई करू नये. आणि निघताना डिस्चार्जच्या कागदावर कोणती गोळी, किती वाजता, किती दिवस, हे मराठीत लिहून मागावे. ‘दिवसातून दोनदा’ एवढ्यावर समाधान मानू नये.

रोज थोडे थोडे कमी होत जाणारे दुखणे बरे होण्याचे असते. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर ते उलट वाढू लागले, ताप आला, चिरा लाल होऊन त्यातून पाणी किंवा पू येऊ लागला, अंगावरून जाण्याला घाण वास आला, तासाभरात पॅड भिजू लागले, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली किंवा डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, तर ते दुखणे गोळीने दाबायचे नाही. अंधारी आणि डोकेदुखी रक्तदाबाची असू शकते आणि ती बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत केव्हाही उद्भवते. दोन आठवडे उलटूनही रडू थांबत नसेल, बाळाकडे बघावेसे वाटत नसेल, तर तेही सांगण्यासारखे दुखणेच आहे. त्यासाठी १४४१६ या क्रमांकावर फोनवरून मोफत सल्ला मिळतो. बाकी कशासाठीही १०८. रात्र असली तरी सकाळ होण्याची वाट बघू नये.