फादर काय करतात?

ऐरोलीच्या एका काचेच्या इमारतीत मी तीन राऊंड दिले. पहिला मशीनचा. कोड चालला, पास! मशीनला आडनाव वाचता येत नाही, बिचारी. दुसऱ्यात फळ्यावर लिंक्ड लिस्ट उलटी करून दाखवली. साहेब 'गुड' म्हणाला. तिसऱ्याला एचआरची बाई. गोड हसली. 'फॅमिली बॅकग्राऊंड सांगा. फादर काय करतात?'

बाप पालिकेत झाडू मारतो. सांगितलं तसंच. बाईचं पेन थांबलं. 'कळवू आम्ही.' अजून कळवतायत.

लिंक्ड लिस्ट उलटी करायला बापाचा धंदा लागतो काय रे? मेरिट मेरिट म्हणून छाती बडवणाऱ्यांनो, हा कुठल्या सिलॅबसमधला प्रश्न?

हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा. २००७ साली निकाल छापला : दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या साधारण दोन तृतीयांश. म्हणजे आपली कितीतरी पोरं तर बाईच्या खुर्चीपर्यंत पोचतच नसतील. त्याच वर्षी जोधका आणि न्यूमन यांनी दिल्लीकडच्या एचआरवाल्यांच्या मुलाखती छापल्या. तिथंही हाच घरचा प्रश्न, आणि वर 'आम्ही जात मानत नाही'!

घटनेचं कलम १६(४) सरकारी नोकरीच्या उंबऱ्याशी थांबतं. इथं जमीन एमआयडीसीची, एसईझेडच्या सवलती सरकारच्या, आणि आरक्षण म्हटलं की लगेच 'आम्ही खाजगी'. वा रे खाजगी!

पुढच्या बाईला मी आधी विचारणार आहे : मॅडम, तुमचे फादर काय करतात?