फासा कधी टाकायचा?

बालमित्रांनो, या सुट्टीत एक अशी गोष्ट रचू या, जिचा शेवट सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही!

त्यासाठी चार-पाच जण हवेत. एकानं सूत्रधार व्हायचं. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. कुणी पहिलवान, कुणी हेर, कुणी वैद्याची मुलगी. समोर काय दिसतंय ते सूत्रधार सांगतो आणि आपण काय करणार ते खेळाडू सांगतात. जमेल की नाही अशी शंका आली, की फासा टाकायचा. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या नावानं असा खेळ छापून आणला. आज तो जगभर खेळतात.

त्यात वीस बाजूंचा फासा असतो. तो नसला तरी अडत नाही. १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घाला आणि एक उचला. तिच्यात आपल्या पात्राच्या कसबाचे गुण मिळवा. सोप्या कामाला १०, मध्यमाला १५, अवघडाला २० बेरीज लागते. चिठ्ठी पुन्हा डब्यात टाकायला मात्र विसरू नका हं, नाहीतर सगळं गणित बिघडेल.

आपली गोष्ट घडते नळदुर्गच्या किल्ल्यात. इथं बोरी नदीवर दगडी बंधारा आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात चक्क पाणी महाल! दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ साली तो बांधला. पावसाळ्यात नदी भरली की बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात, अन् आत महालात माणूस कोरडा उभा राहू शकतो. समजा, अशा रात्री तुम्हाला महालात एक निरोप पोचवायचा आहे. (समजाच बरं का! किल्ला बघायला जाल तेव्हा कठड्यावर चढायचं नाही. धाडस कागदावरच करायचं.)

नवा सूत्रधार इथंच फसतो. पायरी उतरली, टाक फासा. दार ढकललं, टाक फासा. थोड्या वेळात सगळे कंटाळून पाणी प्यायला उठतात!

म्हणून चिठ्ठी उचलण्याआधी दोन प्रश्न विचारा. जमलं तर काय होईल? फसलं तर काय होईल? दोन्हींची उत्तरं वेगवेगळी आणि मजेदार असतील, तरच कसोटी घ्या. दिवसाउजेडी महालाचा जिना उतरायला कसोटी कशाला? पण तोच जिना अंधारात, ओल्या पायांनी, मागं पहारेकरी लागलेला असताना उतरायचा असेल, तर जरूर घ्या.

मग कसोटी कोणती? ती खेळाडूच्या बोलण्यात सापडते. दारावर पहारेकरी आहे. "मी त्याला खोटं नाव सांगतो" म्हटलं, तर थाप मारायची कसोटी. "मी भिंतीच्या सावलीतून सरकते" म्हटलं, तर लपण्याची. "त्याचा हात सुजलाय, मी लेप लावून देते" म्हटलं, तर वैद्यकीची. दार एकच, वाटा तीन! भिंतीआडचा पाण्याचा आवाज ऐकू येतो का, ही कानांची कसोटी. तो आवाज तिथंच का येतोय हे ओळखणं, ही तर्काची. या दोन्हींत गल्लत करू नका.

आता थोडं गणित. पहिलवानाचे चढाईचे गुण ५ आहेत आणि बेरीज हवी १५. म्हणजे चिठ्ठी १० किंवा जास्त हवी. वीसपैकी अकरा चिठ्ठ्या चालतील, म्हणजे शंभरात ५५ वेळा तो चढेल. पण त्याच एका भिंतीसाठी सूत्रधारानं चार कसोट्या घेतल्या आणि चारही जमायलाच हव्यात असं म्हटलं, तर? शंभरात जेमतेम ९ वेळा! बिचारा पहिलवान नावालाच पहिलवान. म्हणून एका कामाला एकच कसोटी.

उलटंही होतं. ज्यांच्याकडे एकही गुण नाही अशा पाच जणांनी तीच १५ ची कसोटी ओळीनं दिली, तर शंभरात ८३ वेळा कुणीतरी पास होतंच. मग ज्यानं ते कसब मुद्दाम घेतलं, त्याचा काय उपयोग? म्हणून आधी विचारा, "हे काम कोण करणार?" आणि त्यालाच करू द्या.

आणखी एक. जे कळल्याशिवाय गोष्ट पुढंच सरकत नाही, ते एका चिठ्ठीवर टांगू नका. फसलं म्हणजे गोष्ट संपली असंही नाही. पहारेकरी आत सोडेल, पण तलवार काढून घेईल!

तुमच्यात एखादा बुजरा मित्र असतो ना? वर्गात उत्तर येत असून हात वर न करणारा. त्याला सरदारासारखं भाषण करता येणार नाही. "मी किल्लेदाराला त्याच्या आईची आठवण करून देतो," एवढंच तो हळूच म्हणेल. हसू नका. कल्पना छान आहे. त्याच्या पात्राचे बोलण्याचे गुण धरा आणि उचलू द्या चिठ्ठी. पहिलवान होणाऱ्या मुलाला आपण खरोखर भिंत चढायला लावतो का? मग यालाच भाषणाची सक्ती का?

आई-बाबांनो, तुम्हीही बसा एखाद्या संध्याकाळी. सूत्रधार मात्र मुलांनाच होऊ द्या.

आता तुमची पाळी. उपळ्या बुरुजावर चढून दूरची धूळ पाहायची आहे. ती घोडदळाची की गुरांच्या कळपाची? इथं कसोटी घ्याल का? घेतलीत तर कोणती? आणि फसली तर पुढं काय होईल? वहीत लिहून काढा आणि मित्रांच्या उत्तरांशी ताडून पाहा!