व्हॉलीबॉल : पाळी आली की मागे जावेच लागते

गेल्या हिवाळ्यात आम्ही नांदेडच्या आमच्या वस्तीतील मुलामुलींचे संघ घेऊन लोहा, अहमदपूरमार्गे लातूर जिल्ह्यातील एका गावी व्हॉलीबॉल स्पर्धेला गेलो होतो. मुलांचा सामना रंगात आला असताना पंचांची शिट्टी वाजली. आमच्या सर्वांत उंच मुलाचा स्मॅश समोरच्यांच्या मैदानात पडला होता, तरी पॉइंट समोरच्यांना! एकच गलका झाला. "आपली पोरं म्हणूनच असं करतात," असे कोणीतरी म्हणाले आणि संघ मैदान सोडायला निघाला. अशा बोलण्यामागे अनुभव असतो, तो आम्हीही घेतलेला आहे. पण आम्ही पडलो कारकून. कागद वाचल्याशिवाय सही करायची सवय नाही. पंचांकडे गेलो. त्यांनी नियमांचे पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवले. चूक आमचीच होती.

ती चूक बहुतेक गल्लीतल्या संघांची असते, म्हणून नीट सांगतो. मैदानात सहा खेळाडू, तीन पुढे, तीन मागे. सर्व्हिस समोरच्यांची असताना आपण पॉइंट जिंकला की सर्व्हिस आपल्याकडे येते आणि सहाही जणांनी घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकेक जागा सरकायची असते. पुढच्या रांगेतला उजवीकडचा मागे येतो व सर्व्हिस करतो. मध्यरेषेपासून ३ मीटरवर आणखी एक रेषा असते. मागच्या रांगेतल्या खेळाडूने या रेषेच्या पुढे येऊन जाळ्याच्या उंचीवरचा चेंडू समोर मारायचा नाही. मारायचाच असेल तर रेषेच्या मागून उडी घ्यावी. त्याला ब्लॉकही करता येत नाही. आमचा उंच मुलगा त्या वेळी मागच्या रांगेत होता, पण वस्तीत त्याला कोणी कधी मागे पाठवलेच नव्हते! ठेंगणी पोरे कायम मागे, हा कायम जाळ्यापाशी. दोष त्याचा कमी, आम्हा मोठ्यांचा जास्त.

त्याच पुस्तकाने दुपारी आम्हाला हात दिला. मुलींचा सामना मुलांच्याच जाळ्यावर सुरू होत होता. आम्ही टेप मागितली. पुरुषांसाठी जाळ्याची उंची २.४३ मीटर आणि महिलांसाठी २.२४ मीटर असते. "पोरींना काय फरक पडतो?" संयोजकांपैकी एकाने विचारले. फरक १९ सेंटिमीटरचा, म्हणजे जवळजवळ वीतभर. पुस्तकातले पान दाखवल्यावर जाळे खाली आले. मुली सामना हरल्या, पण त्यांचे चेंडू जाळ्यावरून गेले.

मैदान आखायला फार खर्च लागत नाही. लांबी १८ मीटर, रुंदी ९ मीटर. दोरी, टेप आणि फक्की एवढ्यावर काम भागते. कोपरे काटकोनात आले की नाही हे पाहायचे तर दोन्ही कर्ण मोजावेत, ते २० मीटर १२ सेंटिमीटर भरले पाहिजेत. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाय मुरगळतो, म्हणून मुरूम टाकून घ्यावा. रेषेवर पडलेला चेंडू आतच धरतात, त्यावर भांडू नये.

गुणांची पद्धत १९९८ साली बदलली. आमच्या वेळी आपली सर्व्हिस असेल तरच पॉइंट मिळे आणि सेट १५ चा असे. आता प्रत्येक रॅलीला पॉइंट आहे. सेट २५ चा, पाचवा १५ चा, आणि जिंकायला दोनची आघाडी हवी. चेंडू तीन स्पर्शांत परतवायचा. ब्लॉकचा स्पर्श त्यात धरत नाहीत.

आता कौशल्याकडे येऊ. प्रत्येक पोराला स्मॅशच मारायचा असतो. पण पहिला पास नीट आला नाही तर सेटर, ज्याला आपली पोरे लिफ्टर म्हणतात, तो तरी काय उचलणार? म्हणून सुरुवात अंडरहॅन्ड पासने करावी. गुडघे वाकवा, दोन्ही अंगठे शेजारी ठेवा, कोपरे ताठ, आणि चेंडू मनगटाच्या थोडा वर, हाताच्या सपाट भागावर घ्या. हात झोकायचे नाहीत, पायांनी उठायचे. खेड्यात शूटिंगबॉल खेळलेली पोरे चेंडूला मुठींनी ठोसा देतात, ती सवय मोडायला महिना जातो. सर्व्हिसही आधी खालून शिकावी. वरून मारलेली जाळ्यात जाण्यापेक्षा खालून मारलेली पलीकडे पडलेली बरी.

विल्यम मॉर्गन यांनी १८९५ साली अमेरिकेत होलिओक येथे हा खेळ काढला, तो बास्केटबॉलची धावपळ न झेपणाऱ्या मध्यमवयीन नोकरदारांसाठी. हे वाचल्यापासून आम्हीही संध्याकाळी कचेरी सुटल्यावर मैदानात उतरतो.

तो उंच मुलगा सध्या रोज समाजमंदिराच्या भिंतीवर शंभर पास मारतो. परवा त्याच्या हातांवरचे लाल वळ पाहून त्याची आई घाबरून आमच्याकडे आली. "भाऊ, याला कुणी मारलं?"