अकरावीचा प्रवेश नेमका कशासाठी?

दहावीचा निकाल लागला की काही दिवसांतच अकरावीच्या कटऑफच्या बातम्या सुरू होतात. कोणत्या नामांकित महाविद्यालयाची यादी किती टक्क्यांवर थांबली, गेल्या वर्षीपेक्षा ती चढली की उतरली, याचे तक्ते छापून येतात. हे तक्ते खोटे नसतात, पण विज्ञान शाखेपुरते बोलायचे तर त्यांतून आता फारसे काही कळत नाही. डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हायचे ठरवलेला हुशार विद्यार्थी आज आधी क्लास ठरवतो. मग त्या क्लासचे ‘टाय-अप’ कोणत्या कनिष्ठ महाविद्यालयाशी आहे ते विचारतो आणि प्रवेशअर्जात त्याचे नाव पहिल्या पसंतीला टाकतो. ग्रंथालय, प्रयोगशाळा, तिथले शिक्षक यांतले काहीही या निवडीत नसते. उलट हजेरीचा आग्रह जितका कमी, तितके ते महाविद्यालय सोयीचे. या बदलाचा दोष पालकांच्या हव्यासाला नाहीतर क्लासवाल्यांच्या नफेखोरीला देऊन आपण मोकळे होतो. हव्यास आणि नफेखोरी आहेतच, पण त्या दोन्ही पूर्वीही होत्या. मुलांनी महाविद्यालय सोडले ते वैद्यकीय-अभियांत्रिकी प्रवेशाचे नियम बदलले तेव्हा, आणि ती परत यायची असतील तर पुन्हा नियमांकडेच पाहावे लागेल.

आधी आवाका पाहू. २०२५ च्या बारावीच्या परीक्षेसाठी राज्यात सुमारे १५ लाख ५ हजार विद्यार्थ्यांनी नोंदणी केली होती. त्यांत विज्ञान शाखेचे ७ लाख ६९ हजार, कला शाखेचे ३ लाख ८० हजार आणि वाणिज्य शाखेचे ३ लाख १९ हजार. म्हणजे बारावीला बसणाऱ्या महाराष्ट्रातला निम्म्याहून थोडा अधिक भाग विज्ञानाचा आहे. यात विज्ञानाच्या गोडीचा वाटा किती आणि ‘नीट’, ‘जेईई’, सीईटीचे दार उघडे राहावे या हिशेबाचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे; बी.एस्सी.च्या भौतिकशास्त्राच्या वर्गात डोकावले तर उत्तर अवघड नाही. जागांची म्हणावी तर टंचाईही नाही. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया आधी मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती एवढ्यापुरती होती. २०२५-२६ पासून ती सगळ्या राज्याला लागू झाली. तेव्हा राज्यात अकरावीच्या वीस लाखांहून अधिक जागा असल्याचे दिसले, आणि त्या वर्षी दहावी उत्तीर्ण झालेले नियमित विद्यार्थी होते साडेचौदा लाखांच्या आसपास. एवढ्या मोकळ्या जागा असताना महाविद्यालयांनी चांगल्या शिकवण्यावर एकमेकांशी चढाओढ करायला हवी होती. चढाओढ आहे, पण ती न शिकवण्याच्या सवलतीवर चालली आहे.

हे असे का झाले, ते लातूरच्या उदाहरणावरून जितके स्पष्ट दिसते तितके पुण्या-मुंबईवरून दिसत नाही. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द आता क्लासेसच्या फलकांवर दिसतो, म्हणून तो क्लासचाच शोध वाटतो. मुळात तो महाविद्यालयांचा होता. राजर्षी शाहू आणि दयानंद यांसारख्या महाविद्यालयांनी नेहमीच्या तासांना जोडून जादा तास, पुन्हा पुन्हा चाचण्या आणि उत्तरपत्रिका तपासून प्रत्येक मुलाला त्याची चूक दाखवणे, असा कष्टाचा क्रम बसवला. मराठवाड्यातल्या मुलांची नावे त्यामुळे बारावीच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली. ही मेहनत महाविद्यालयाच्या आत झाली, कारण त्या काळी वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेश बारावीच्या गुणांवर ठरत होते. बारावीचा पेपर लिहायला शिकवणे हेच महाविद्यालयाचे काम होते आणि तेच मुलाच्या भवितव्याचेही होते. विद्यार्थ्याचा स्वार्थ आणि संस्थेचे काम एका रेषेत होते, म्हणून शिक्षकाचा शब्द चालत होता.

मग ती रेष तुटली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वैद्यकीय प्रवेश सीईटीवर गेले, पुढच्या दशकात अभियांत्रिकीही त्याच वाटेने गेली. ‘जेईई मेन’ने २०१३ ते २०१६ या काळात बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन दिले होते, २०१७ पासून ते काढून टाकले. महाराष्ट्रानेही २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी अभियांत्रिकीची गुणवत्ता बारावी आणि जेईई यांना निम्मेनिम्मे वजन देऊन ठरवली. २०१६ मध्ये सीईटी परतली आणि बारावी उरली ती पात्रतेपुरती. वैद्यकीयला ‘नीट’ आली तिथेही तेच: जीवशास्त्र, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रात मिळून खुल्या गटासाठी ५० टक्के मिळवले की बारावीचे काम संपले. विज्ञानाच्या लेखी पेपरांतले गुण, प्रात्यक्षिकांचे तीस गुण, दोन वर्षांची उपस्थिती, यांतले काहीच गुणवत्तेच्या क्रमांकात मोजले जात नसेल, तर सोळा वर्षांच्या मुलाने तिथे दिवसाचे पाच तास का घालवावेत? लातूरमध्ये आज दिमाखाने चालतो तो ट्यूशन एरिया, नांदेडही त्याच मार्गाने मोठे झाले आणि शहरांत ‘इंटिग्रेटेड’ नावाने तीच टाय-अपची सोय निघाली. ही सगळी मंडळी नियमाने सोडलेली जागा भरायला आली.

इथे एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकांची पदे संचमान्यतेत ठरतात आणि संचमान्यता पटावर ठरते. पट घसरला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो. त्यामुळे वर्गात कधीही न येणारा विद्यार्थी संस्थेला तोट्याचा नसतो. त्याचे नाव पटावर असणे एखाद्या शिक्षकाची नोकरी टिकवून धरते. स्वयंअर्थसहाय्यित महाविद्यालयांना, ज्यांची संख्या २०१२ च्या कायद्यानंतर वाढली, पदांची चिंता नसते, पण शुल्काची असते आणि न येणाऱ्या मुलासाठी प्रयोगशाळेचा खर्चही वाचतो. क्लासला मुलाचे दिवसाचे मोकळे तास मिळतात, मुलाला बारावीची बैठक मिळते. चारही बाजूंना सोयीचा असा हा व्यवहार आहे आणि म्हणूनच वरून हुकूम काढून तो मोडत नाही. २०१८ मध्ये राज्य शासनाने विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून शाळेच्या वेळेत शिकवणी वर्ग भरवू नयेत असे सांगितले, सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये असेही सांगितले. अकरावीतला मुलगा बहुधा सोळाचा झालेला असतो, आणि महाविद्यालयाची वेळ कोणती हे महाविद्यालयच ठरवते. अंगठा उमटवून मूल क्लासला गेले तर यंत्र काय करणार?

विरुद्ध बाजूचा पुरावाही पाहावा. फर्ग्युसनला किंवा सेंट झेवियर्सला कला शाखेची यादी आजही नव्वदीच्या वर थांबते. तिथे प्रवेश घेणारी मुले महाविद्यालय पाहून येतात: कोण शिकवते, वाचनालय कसे आहे, नाटकाला आणि वादविवादाला वाव आहे का, याची चौकशी करून. शहरातली तीच पिढी, त्याच घरांतली मुले. विज्ञानातला भाऊ महाविद्यालय टाळतो आणि कलेतली बहीण ते शोधत येते, याचा अर्थ महाविद्यालयाची ओढ या पिढीला नाही असा होत नाही. जिथे दोन वर्षांच्या शिकण्याला पर्यायी दुकान उभे राहिलेले नाही, तिथे ती ओढ शाबूत आहे.

यावर पहिला आक्षेप असा की, यात बिघडले काय? महाविद्यालयांत शिकवत होते कुठे? पदे रिकामी, तासिका तत्त्वावरचे शिक्षक महिनोन्महिने मानधनाची वाट पाहणारे, प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे तेच गंजलेले साहित्य. क्लास निदान वेळेवर भरतो. हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही. विद्यार्थ्यापुरता त्याचा निर्णय शहाणपणाचाच आहे. पण त्या शहाणपणाची किंमत दुसरे चुकवतात. दोन वर्षांचे क्लासचे शुल्क लाखांत असते, त्यावर वसतिगृहाचा खर्च. ज्याला ते झेपत नाही तो, किंवा ज्या मुलीला घरचे लातूर-नांदेडला एकटी ठेवायला तयार नाहीत, ती तालुक्याच्या महाविद्यालयातच राहते. तिथून तासावर प्रश्न विचारणारी, शिक्षकाला तयारी करायला भाग पाडणारी मुले आधीच निघून गेलेली असतात. ज्यांच्यासमोर कोणी नाही त्या शिक्षकांचा उत्साह किती दिवस टिकेल? रिकामे वर्ग आणि निकृष्ट शिकवणे यांत कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे आता वेगळे करता येत नाही. शिवाय जे गेले त्यांचे तरी काय होते? २०२५ मध्ये ‘नीट’ला २२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. उरलेल्या वीसेक लाखांनी दोन वर्षे चारांतून एक पर्याय निवडण्याचा सराव केला. त्यांना पुढे बी.एस्सी., फार्मसी, नर्सिंग, शेती किंवा आणखी काही शिकायचे आहे, आणि पिपेट हातात धरून अनुमापन करणे किंवा एखादी संकल्पना दोन परिच्छेदांत लिहून मांडणे त्यांच्याकडून कोणी करून घेतलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बारावीच्या गुणांना पुन्हा वजन द्या म्हणणे म्हणजे कॉपीला आमंत्रण देणे, असे म्हणतात. शिवाय वेगवेगळ्या मंडळांचे गुण एका तराजूत कसे तोलायचे? तामिळनाडूने २००७ पासून अभियांत्रिकीची राज्य प्रवेश परीक्षा बंद करून प्रवेश पूर्णपणे बारावीच्या गुणांवर नेले. त्याचा फायदा ग्रामीण मुलांना झाला असे तिथे मानले जाते, पण दुसरे दुखणेही उद्भवले. नामक्कल परिसरातल्या निवासी शाळा अकरावीचा अभ्यासक्रम गुंडाळून दोन्ही वर्षे बारावीचीच घोकंपट्टी करून घेण्यासाठी प्रसिद्ध झाल्या. अखेर २०१७-१८ पासून तिथे अकरावीलाही सार्वजनिक परीक्षा लावावी लागली. म्हणजे सगळे वजन एका पारड्यात टाकले की शिकणे त्या पारड्याच्या आकाराचे होते, पारडे बारावीचे असो की सीईटीचे. माझ्या दृष्टीने तामिळनाडूचा धडा बारावीला वजन देऊ नका असा नाही; पूर्ण वजन देऊ नका, असा आहे.

‘नीट’ राज्याच्या हातात नाही, हे मान्य. एमएचटी-सीईटी मात्र आहे, आणि तिला २०२४ मध्ये सात लाखांहून अधिक अर्ज आले होते. त्या गुणवत्तेत २५ ते ३० टक्के वाटा बारावीचा ठेवला, तोही थेट गुणांचा न ठेवता त्या-त्या मंडळातल्या पर्सेंटाइलचा ठेवला, तर मंडळामंडळांतला फरक बराचसा निवळतो. जेईईला देशभरातल्या असंख्य मंडळांचा मेळ घालताना दमछाक झाली. आपल्या सीईटीला बसणाऱ्यांचा मोठा भाग एकाच राज्य मंडळाचा आहे, उरलेले मुख्यतः सीबीएसई आणि आयएससीचे. राहिला प्रश्न कॉपीचा. कॉपी होते म्हणून मंडळाच्या परीक्षेवर विश्वास ठेवायचा नाही, आणि विश्वास नाही म्हणून तिच्यात सुधारणा करण्याची निकड नाही, हे चक्र कुठेतरी तोडावेच लागेल. ज्या परीक्षेच्या गुणांनी डॉक्टर-इंजिनिअर होऊ पाहणाऱ्यांचे पुढचे पाऊल ठरत नाही तिच्या केंद्रावर कोण जीव तोडून पहारा ठेवील? दरवर्षीचे कॉपीमुक्त अभियान त्या परीक्षेला किंमत आली तरच गांभीर्याने घेतले जाईल. प्रात्यक्षिकांचे तीस गुण मात्र आज आहेत तसे धरू नयेत. बाहेरचा परीक्षक जवळच्याच महाविद्यालयातला आणि परतीच्या परीक्षेला आपल्याकडचा तिकडे, अशा देवघेवीत ते गुण बहुतेकांना पूर्ण मिळतात. परीक्षक दुसऱ्या जिल्ह्यातून येत नाहीत तोवर ते सीईटीच्या हिशेबात न घेतलेलेच बरे.

नवे शैक्षणिक धोरण नववी ते बारावी एकत्र जोडणार आहे, तेव्हा कनिष्ठ महाविद्यालय हा प्रकारच राहणार नाही, मग एवढा खटाटोप कशाला, असेही कोणी म्हणेल. पाट्या बदलतील. सीबीएसईच्या शाळांत अकरावी-बारावी पूर्वीपासून शाळेलाच जोडलेली आहे. तरी ‘डमी’, म्हणजे फक्त पटावर नाव असलेले, विद्यार्थी आढळले म्हणून सीबीएसईला २०२४ मध्ये काही शाळांची संलग्नता काढून घ्यावी लागली. रचना कोणतीही असो, त्या दोन वर्षांत वर्गात केलेल्या कामाची नोंद पुढच्या दारावर कोणी विचारणार आहे का, एवढेच मूल पाहते. म्हणून वजनाचा नियम बदलायचा तर तो परीक्षेच्या तोंडावर आणून उपयोगाचा नाही. मुले अकरावीचा अर्ज भरतात त्याआधी, म्हणजे किमान दोन वर्षे अगोदर, तो जाहीर व्हायला हवा. त्याच निर्णयाबरोबर संचमान्यतेसाठी पटावरची नावे धरायची की बारावीच्या लेखी परीक्षेला प्रत्यक्ष बसलेली आणि वर्गचाचण्यांच्या उत्तरपत्रिका उपलब्ध असलेली मुले, हेही शिक्षण विभागाने ठरवावे. पहिल्या निर्णयावर क्लासचालक ओरडतील, दुसऱ्यावर संस्थाचालक आणि शिक्षक संघटना.