टेबलाखाली, पण कुठल्या घरात?

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून किल्लारी परिसर झोपला होता. पहाटे चारच्या सुमारास भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा मणामणाचा भार अंगावर आला. तिथं टेबल काय कामाचं? नीट बांधलेल्या सिमेंटच्या इमारतीत मात्र छताआधी बहुधा कपाटं, काचाच कोसळतात. म्हणून जिन्याकडे धावू नका. लिफ्टचं तर नावच नको. भक्कम टेबलाखाली शिरा, त्याचे पाय घट्ट धरा, ते सरकलं तर त्याच्याबरोबर सरका. अंथरुणात असाल तर तिथंच पालथं होऊन डोक्यावर उशी घ्या. आणि हो, पलंगाच्या उशाशी दिमाखात उभं असलेलं ते लोखंडी कपाट आजच भिंतीला स्क्रूने आवळा. त्यावरचा पितळी हंडाही खाली उतरवा.